एमआर एलास्टोग्राफीत लिव्हरमधल्या लाटा दिसत नाहीत: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

एमआर एलास्टोग्राफी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली एमआरई, नीट आली तर लिव्हर किती कडक झालंय ते सुई न टोचता सांगते. नीट नाही आली तर रंगीत नकाशाच्या जागी सगळीकडे रेघांची जाळी येते. पेशंट आत अवघडलेला असतो, बाहेर पुढचे दोघे ताटकळलेले असतात आणि रेडिओलॉजिस्टचा फोन येतो की परत घ्या. हा बिघाड मी वेगवेगळ्या मशीनवर इतक्यांदा निस्तरला आहे की त्याच्या मागची कारणं आता ठरलेली वाटतात. हे लिखाण एमआरआयवर काम करणाऱ्या टेक्निशियन मंडळींसाठी आहे, विशेषतः जिथे एमआरई नुकतीच सुरू झाली आहे आणि कंपनीचे अॅप्लिकेशनवाले ट्रेनिंग देऊन निघून गेले आहेत तिथल्यांसाठी.

एक गोष्ट पक्की धरून चला. फेल गेलेली एमआरई दोनच प्रकारची असते. एकतर लाट लिव्हरपर्यंत पोचलीच नाही, किंवा पोचली पण मशीनला दिसली नाही. दोन्हींत रंगीत नकाशा सारखाच खराब दिसतो, पण उपाय एकमेकांच्या उलट आहेत. हा फरक न करता नुसतं "पुन्हा स्कॅन" दाबलं की पेशंटचा श्वास आणि आपला वेळ दोन्ही वाया जातात.

आत नेमकं काय घडतं, ते थोडक्यात. मॅग्नेट रूमच्या बाहेर ठेवलेला अॅक्टिव्ह ड्रायव्हर ६० हर्ट्झने हवा हलवतो. ती थरथर प्लास्टिकच्या लांब नळीतून पेशंटच्या छातीवर बांधलेल्या चपट्या गोल चकतीत, म्हणजे पॅसिव्ह ड्रायव्हरमध्ये जाते. चकती बरगड्या हलवते आणि लिव्हरमध्ये शिअर लाटा, म्हणजे टिश्यूला आडवं हलवत पुढे जाणाऱ्या लाटा, उठतात. लिव्हरचं हे हलणं काही मायक्रॉनचं असतं, साध्या इमेजमध्ये ते कधीच दिसणार नाही. म्हणून सिक्वेन्समध्ये, म्हणजे स्कॅनच्या ठरलेल्या कार्यक्रमात, त्याच ६० हर्ट्झच्या तालावर उलटसुलट होणारे जादा ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारी चुंबकीय क्षेत्रं) घातलेले असतात. टिश्यू जितकी हलते तितका तिच्या सिग्नलचा फेज, म्हणजे त्याच्या लयीतली जागा, सरकतो, आणि त्या सरकण्यावरून लाटेचं चित्र तयार होतं. ही कल्पना राजा मुथुपिल्लई, रिचर्ड एहमन आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडली. मायक्रॉनच्याही खालचं हलणं पकडता येतं हे त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं. इतकं सूक्ष्म मोजमाप असल्यामुळेच नळीचा एक सैल जोड किंवा अर्धवट सोडलेला श्वास अख्खी तपासणी बिघडवतो.

लक्षणं

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं लक्षण हे: मॅग्निट्यूड इमेजमध्ये (सिग्नल किती आहे ते दाखवणाऱ्या साध्या चित्रात) लिव्हर व्यवस्थित राखाडी आहे, रक्तवाहिन्या कळतायत, पण वेव्ह इमेजमध्ये (लाटांच्या चित्रात) नुसत्या मुंग्या. हा प्रकार बहुतेक वेळा लाट न पोचल्याचा असतो.

दुसरं, मॅग्निट्यूड इमेजमध्येच लिव्हर काळं ठिक्कर, प्लीहा आणि स्नायू मात्र दिसतायत. इथे लाट पोचली असण्याची शक्यता भरपूर आहे, पण फेज वाचायला सिग्नलच उरलेला नाही.

तिसरं, लाटा छातीच्या भिंतीलगत जोरदार आहेत पण दोन-तीन सेंटीमीटर आत जाऊन विरतात. चौथं, लाटांची लूप चालवली तर त्या उजवीकडून आत सरकत जात नाहीत, जागच्या जागी लुकलुकतात. पाचवं, चार स्लाइसपैकी, म्हणजे लिव्हरच्या घेतलेल्या कापांपैकी, दोन छान आणि दोन बिघडलेल्या, किंवा चारही चांगल्या दिसतात पण कडकपणाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि सहावं, जे मला सगळ्यात जास्त घाबरवतं: नकाशा सुंदर आहे, जाळी कुठेच नाही, पण आकडा चुकीचा आहे. फेल गेलेली तपासणी निदान आपण फेल गेली हे सांगते. चुकीचा आकडा रिपोर्टमध्ये जाऊन बसतो आणि त्यावर कोणाची तरी औषधं ठरतात.

आधी पेशंटला विचारा

सगळ्यात स्वस्त तपासणी इंटरकॉमवर आहे. पहिली स्लाइस झाली की विचारा, "काका, छातीवर थरथर जाणवली का?" सिक्वेन्स चालू असताना कंप स्पष्ट जाणवायला हवा. "काहीच नाही" असं उत्तर आलं तर लिव्हरचा, लोहाचा, श्वासाचा विचार बाजूला ठेवा आणि सरळ नळी आणि ड्रायव्हरकडे जा. "हो, पण पोटावर" असं उत्तर आलं तर चकती खाली घसरली आहे. मात्र पेशंटला आधीच सांगून ठेवलेलं असेल तरच उत्तर नीट येतं, कारण ग्रेडियंटच्या आवाजाने टेबलही थरथरतं आणि पहिल्यांदा आत गेलेल्याला दोन्हींतला फरक कळत नाही. त्यासाठी झोपवताना चकतीवर त्यांचाच हात ठेवून दाखवा, की इथे थरथर येणार आहे.

मग मॅग्निट्यूड इमेज उघडा

रंगीत नकाशाकडे अजिबात बघू नका, तो शेवटचा पदार्थ आहे. मॅग्निट्यूड इमेजमध्ये चकतीच्या बरोबर खाली, कातडीखालच्या चरबीत काळपट पट्टा आहे का ते शोधा. हा पट्टा दिसला तर ड्रायव्हर चालू होता, नळी ठीक होती आणि कंप शरीरात शिरला. कारण असं: चकतीला लागून असलेली चरबी सगळ्यात जोरात हलते. तिथे एकाच व्हॉक्सेलमधल्या (इमेजच्या एका छोट्या ठोकळ्यातल्या) शेजारशेजारच्या भागांचे फेज इतके वेगवेगळे होतात की ते एकमेकांना खोडून टाकतात आणि सिग्नल जातो. एरवी आपण सिग्नल गेला की चिडतो. इथे मात्र तो गेला पाहिजे.

पट्टा नाही आणि लिव्हर राखाडी आहे: लाट पोचली नाही. पट्टा आहे आणि लिव्हर काळं आहे: लाट पोचली, दिसली नाही. पट्टा आहे, लिव्हर राखाडी आहे, तरी मुंग्या आहेत: चकतीची जागा, श्वास किंवा ड्रायव्हर आणि स्कॅनरचा ताल चुकला आहे. कन्सोलवरून न उठता एवढं कळतं, म्हणून ही पायरी कधीही गाळू नका. नवीन माणसाला एमआरई शिकवायची तर मी सुरुवात इथूनच करतो.

नळी आणि पट्टा

नळी चार ठिकाणी बघायची: ड्रायव्हरचा जोड, भिंतीतल्या वेव्हगाइडजवळचा (नळी मॅग्नेट रूममध्ये नेणाऱ्या वाटेजवळचा) भाग, टेबल आत जाताना जिथे नळी ओढली जाते ती जागा, आणि चकतीचा जोड. टेबल बाहेर असताना नळी सरळ दिसते. आत गेल्यावर ती टेबल आणि गँट्रीच्या मध्ये दुमडते किंवा पेशंटच्या कोपराखाली दबते. त्यामुळे टेबल आत गेलेल्या स्थितीतच बघा. जोड नुसता बसवलेला असून चालत नाही, हलकेच ओढून बघा. हवा गळत असेल तर दाब चकतीपर्यंत जात नाही आणि कंप अर्ध्यावर मरतो. जुन्या नळीला दुमडून दुमडून पडलेली घडी बाहेरून साधी दिसते, पण आतून वाट अरुंद करते. अशी नळी चिकटपट्टी लावून वापरत राहण्यात अर्थ नाही, ती बदलून मागा.

चकती बांधायचा लवचीक पट्टा श्वास सोडलेल्या स्थितीत आवळायचा. बहुतेकजण पेशंट बोलत असताना, छाती भरलेली असताना पट्टा बांधतात. मग श्वास सोडला की पट्टा सैल पडतो, आणि नेमकं तेव्हाच आपण स्कॅन करत असतो. चकती आणि अंग यांच्यात साडीच्या निऱ्या, जाड गाऊनच्या घड्या किंवा चादर असेल तर काढा. गाऊनचा एक पातळ थर पुरे. सिग्नल पकडणारी कॉइल चकतीच्या वरून येते, चकती कॉइलवर ठेवायची नसते. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

चकतीची जागा

छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक बोटांनी शोधा, म्हणजे झिफॉइड. त्या पातळीवर, उजव्या कॉलरबोनच्या मध्यापासून सरळ खाली आणलेल्या रेघेवर चकतीचा मध्य यायला हवा. म्हणजे चकती बरगड्यांवर बसते, पोटावर नाही. हात नेहमी खाली सरकतो, कारण लिव्हर "बरगडीच्या खाली" असतं असं डोक्यात बसलेलं असतं. चकती पोटावर गेली तर ती मोठ्या आतड्याला हलवते, आणि आतड्यातला वायू लाट अडवतो. बरगड्यांमधून मात्र लाट छान जाते.

लोकलायझर, म्हणजे जागा ठरवायची पहिली झटपट इमेज, आल्यावर चकती कुठल्या स्लाइसला दिसते ते पाहा. तिचा मध्य लिव्हरच्या सगळ्यात रुंद भागासमोर नसेल तर टेबल बाहेर काढा आणि सरकवा. ही दोन मिनिटं वाचवू नयेत. ऑपरेशनमध्ये लिव्हरचा उजवा भाग काढलेला असेल तर उरलेलं लिव्हर जिथे आहे तिथे, मधोमध, चकती ठेवावी लागते. त्यासाठी आधीचे रिपोर्ट वाचायला हवेत.

स्लाइसही त्याच रुंद भागातून घ्या. अगदी वर डायफ्रामजवळ किंवा अगदी खाली टोकाशी गेलात तर लाटा तिरक्या कापल्या जातात. तिरकी कापलेली लाट लांब दिसते, आणि लांब लाट म्हणजे कडक लिव्हर असा हिशोब मशीन करतं. आकडा खोटा वाढतो.

जाड पेशंटमध्ये लाटा आत विरत असतील तर पहिला मोह होतो तो ड्रायव्हरची ताकद वाढवण्याचा. माझं स्पष्ट मत आहे की तो शेवटचा उपाय असावा. ताकद वाढवली की चकतीखालचा काळा पट्टा रुंद होतो, कडेच्या भागात फेज गुंडाळला जातो (एक फेरी संपून पुन्हा सुरुवातीपासून मोजला जातो) आणि पेशंटला त्रास होतो. आधी चकती बांधलेला पट्टा, मग जागा, मग श्वास. तरीही कमी पडलं तर तुमच्या प्रोटोकॉलने दिलेल्या मर्यादेपर्यंतच वाढवा. लहान मुलांत आणि बारीक चणीच्या माणसांत तर ती कमीच ठेवावी लागते.

पोटात पाणी झालेल्या पेशंटची एमआरई होत नाही, असा समज बऱ्याच ठिकाणी आहे. शिअर लाट पाण्यातून जात नाही हे खरं. पण चकतीचा दाब पाण्यातून पलीकडे जातो आणि लिव्हरमध्ये नव्याने शिअर लाट उठवतो. करून बघा, बहुधा येते.

श्वास

चार स्लाइसपैकी दोन बिघडल्या असतील तर जवळजवळ नेहमी इथेच गोम असते. नेहमीच्या ग्रेडियंट-एको (ग्रेडियंट उलटवून सिग्नल परत आणणाऱ्या) एमआरईत एका स्लाइसला साधारण १५ ते २० सेकंद श्वास थांबवावा लागतो, आणि तो सोडलेल्या स्थितीत. सोडलेल्या श्वासावर लिव्हर दर वेळी जवळपास त्याच जागी परत येतं. भरलेल्या श्वासावर येत नाही.

अडचण अशी की लिव्हरच्या बाकीच्या सिक्वेन्सना बऱ्याच सेंटरवर "श्वास घ्या, रोखून धरा" अशी रेकॉर्ड केलेली सूचना असते. पेशंटला तीच सवय लागते आणि एमआरईला तो पुन्हा छाती भरून थांबतो. म्हणून एमआरईच्या वेळी रेकॉर्डिंग बंद करून स्वतः बोला. टेबल बाहेर असतानाच तालीम घ्या: "आजी, श्वास घ्या... आता सगळा सोडा... सोडला ना? आता तसंच थांबा, घ्यायचा नाही." आणि त्यांच्या पोटाकडे बघा, चेहऱ्याकडे नाही. चेहरा हो म्हणतो, पोट खरं सांगतं. श्वासाची हालचाल दाखवणारा रेस्पिरेटरी बेलोज लावला असेल तर कन्सोलवरची रेघ खालच्या पातळीवर सपाट राहिली पाहिजे. वर सपाट असेल तर पेशंटने श्वास भरून रोखला आहे. पेशंटला मराठी नीट कळत नसेल तर नातेवाइकांकडून त्यांच्या भाषेतले ते दोन शब्द शिकून घ्या. "सोडा" आणि "थांबा", एवढ्यावर काम भागतं.

ज्यांना २० सेकंद झेपतच नाहीत त्यांना दमवत बसू नका. स्पिन-एको ईपीआयची (रेडिओ पल्सने सिग्नल परत जुळवणारी वेगवान) एमआरई उपलब्ध असेल तर तिच्यावर जा, ती एका श्वासात अनेक स्लाइस उरकते. दर दोन स्लाइसच्या मध्ये पुरेशी विश्रांती द्या. घाईने घेतलेला चौथा श्वास पहिल्यासारखा कधीच नसतो.

रिकामं पोट

याने लाटा गायब होत नाहीत, पण आकडा सरकतो, म्हणून इथेच लिहितो. खाल्ल्यावर पोर्टल व्हेनमधलं (आतड्याकडून लिव्हरकडे येणाऱ्या शिरेतलं) रक्त वाढतं. फायब्रोसिस (व्रणासारखे कडक धागे साठणं) असलेल्या लिव्हरमध्ये त्याने कडकपणा वाढलेला दिसतो. निदान चार तास पोट रिकामं हवं. "उपाशी आहात ना?" हा प्रश्न पुरत नाही. संकष्टीला किंवा एकादशीला आलेला पेशंट अगदी प्रामाणिकपणे हो म्हणतो, आणि दूध, केळं, साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेला असतो. सकाळचा चहा-बिस्किट तर बहुतेकजण खाण्यात धरतच नाहीत. "पाणी सोडून तोंडात शेवटचं काय आणि किती वाजता घातलं?" असं विचारा आणि वेळ फॉर्मवर लिहा. डायबेटिसच्या पेशंटची वेळ सकाळी पहिली ठेवा, म्हणजे त्यांना ताटकळत उपाशी राहावं लागत नाही.

त्याच फॉर्मवर आणखी एक प्रश्न असावा: गेल्या काही आठवड्यांत कावीळ झाली होती का? पावसाळ्यात हिपॅटायटिस ए आणि ई होऊन गेलेले पेशंट येतात. सुजलेलं लिव्हर फायब्रोसिस नसतानाही कडक दिसतं. हृदयाच्या उजव्या बाजूच्या आजारात रक्त लिव्हरमध्ये तुंबतं, तेव्हाही तेच. अर्थ काढणं रेडिओलॉजिस्टचं काम आहे, पण माहिती आपल्याकडूनच जाते.

ड्रायव्हरची वीज आणि ट्रिगर

पेशंटला थरथर जाणवली नाही, नळी ठीक आहे. आता ड्रायव्हर. तो बऱ्याच ठिकाणी इक्विपमेंट रूममध्ये असतो आणि स्कॅनरच्या यूपीएसवर नसतो. वीज जाऊन जनरेटरवर आली की स्कॅनर ढिम्म हलत नाही, पण ड्रायव्हर बंद पडलेला असतो किंवा पुन्हा सुरू होऊन तयार स्थितीत आलेला नसतो. दिवा बघा, स्क्रीनवर एरर आहे का बघा, बंद करून चालू करा. चाचणीसाठी हाताने सुरू करायची सोय असेल तर सुरू करा आणि पेशंट नसताना चकतीवर तळहात ठेवा.

हाताने सुरू केल्यावर चालतो, पण सिक्वेन्सबरोबर चालत नाही? मग ट्रिगर. सिक्वेन्स सुरू झाली की स्कॅनर ड्रायव्हरला खूण पाठवतो आणि दोघं एका तालात चालतात. ट्रिगरची केबल सुटलेली असणं हे कारण सर्व्हिसिंगनंतर हमखास सापडतं, कारण कपाट उघडताना ती काढलेली असते.

लाटा जागच्या जागी लुकलुकत असतील तर ताल जुळलेला नाही. ६० हर्ट्झची एक थरथर १६.७ मिलिसेकंदांची. नेहमीच्या प्रोटोकॉलमध्ये टीआर (एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंतचा वेळ) ५० मिलिसेकंद ठेवतात, म्हणजे बरोबर तीन थरथरी. वेळ वाचवायला कोणी टीआर बदलून प्रोटोकॉल सेव्ह केला असेल तर हा हिशोब मोडू शकतो. सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर ड्रायव्हरची फ्रिक्वेन्सी ६० च आहे ना, हेही बघा. मूळ प्रोटोकॉलची एक प्रत कुलूपबंद ठेवून द्या आणि शंका आली की तीच लोड करा.

लिव्हर काळं: लोह

मॅग्निट्यूडमध्ये लिव्हर काळं असेल तर नळी-पट्ट्याला हात लावायची गरज नाही. वारंवार रक्त चढवलेले थॅलेसेमियाचे पेशंट, नंदुरबार-गडचिरोलीकडून येणारे सिकल सेलचे पेशंट, लोहाची इंजेक्शनं घेतलेले पेशंट, यांच्या लिव्हरमध्ये लोह साठलेलं असू शकतं. लोहामुळे टी-टू-स्टार, म्हणजे सिग्नल विझायला लागणारा वेळ, आखूड होतो. ग्रेडियंट-एको एमआरईचा टीई (पल्सनंतर सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) साधारण २० मिलिसेकंद असतो, कारण तेवढ्यात ग्रेडियंटची एक पूर्ण फेरी बसवायची असते. लिव्हरचा टी-टू-स्टार ४ मिलिसेकंद असेल तर २० मिलिसेकंदांनी सिग्नल एक टक्काही उरत नाही. मग ड्रायव्हर कितीही जोरात चालवा, वाचणार काय?

३ टेस्लावर, म्हणजे जास्त ताकदीच्या मॅग्नेटवर, हेच दुखणं जवळपास दुप्पट होतं. म्हणून क्रम असा: एमआरईच्या आधी टी-टू-स्टारची झटपट सिक्वेन्स घ्या, ती एका श्वासात होते. लिव्हर लोहाने भरलेलं दिसलं तर ग्रेडियंट-एकोवर एकही श्वास खर्च न करता स्पिन-एको ईपीआयवर जा. जवळ १.५ टेस्ला असेल तर पेशंट तिकडे हलवा. माझं मत विचाराल तर ३ टेस्लावर ईपीआयच पहिली निवड असावी. लोह फारच जास्त असेल तर ईपीआयही हरते. तिथे थांबायचं.

फूटपट्टीची परीक्षा

आता ते सहावं लक्षण, सुंदर नकाशा आणि संशयास्पद आकडा. यासाठी एक हिशोब आहे, तो मी प्रत्येकाला पाठ करायला लावतो. वेव्ह इमेजमध्ये जिथे लाटा सरळ आणि स्वच्छ आहेत तिथे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर मोजा. ते मीटरमध्ये घेऊन ६० ने गुणा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा. उत्तर किलोपास्कलमध्ये.

लाट २.५ सेंटीमीटर असेल तर ०.०२५ गुणिले ६० म्हणजे १.५, त्याचा वर्ग २.२५. हे निरोगी लिव्हर, कारण साधारण २.५ च्या आत नॉर्मल धरतात. लाट ४ सेंटीमीटर असेल तर २.४ चा वर्ग, म्हणजे ५.८ च्या जवळ, आणि ५ च्या वर सिऱ्होसिसचा (फायब्रोसिसच्या शेवटच्या टप्प्याचा) विचार सुरू होतो. दीड सेंटीमीटरच्या फरकात एवढं अंतर आहे. हा हिशोब ढोबळ आहे. पण फूटपट्टी ५.८ म्हणतेय आणि नकाशा २ दाखवतोय, असं झालं तर रिपोर्ट पुढे जाऊ देऊ नका. फ्रिक्वेन्सीची नोंद चुकली आहे, किंवा आकडा भलत्याच जागेवरून घेतला आहे.

भलती जागा म्हणजे कुठली? जाळी पडलेला भाग, कारण तिथे मशीन स्वतःच सांगतंय की माझा भरवसा नाही. लिव्हरच्या कडेपासून सेंटीमीटरभर पट्टा, चकतीच्या थेट खालचा अतिकडक दिसणारा डाग, मोठ्या रक्तवाहिन्या, पित्ताशय, आणि डाव्या भागातलं हृदयाच्या ठोक्यांनी हलणारं क्षेत्र. एवढं वगळून जो भाग उरतो तो लहान असेल तर लहानच घ्या.

आधीच्या एमआरईशी तुलना करताना आरएसएनए या रेडिओलॉजीच्या अमेरिकी संघटनेच्या क्विबा प्रोफाइलमधला (मोजमापाच्या नियमावलीतला) १९ टक्के हा आकडा लक्षात ठेवा. त्यापेक्षा कमी फरक हा खरा बदल आहे असं म्हणता येत नाही. त्यामुळे ३.१ चे ३.४ झाले म्हणून तपासणी चुकली असं नाही, आणि आजार वाढला असंही नाही.

आणि फायब्रोस्कॅनचा (अल्ट्रासाउंडने लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट घेऊन येणारे. "तिकडे १२ आलं, इथे ४.२, कुठलं मशीन बिघडलंय?" कुठलंच नाही. फायब्रोस्कॅन यंग्ज मॉड्युलस (ताणण्या-दाबण्याला होणारा विरोध) देतं, एमआरई शिअर मॉड्युलस (आडवं सरकवण्याला होणारा विरोध) देते. दोन्ही किलोपास्कलमध्येच, पण पहिला दुसऱ्याच्या साधारण तिप्पट असतो. हे रिपोर्टच्या तळाला एका ओळीत छापून टाकावं, पेशंटची धावपळ वाचते.

फँटम

इथपर्यंत येऊन उत्तर मिळालं नसेल तर पेशंटला बाहेर काढा आणि मशीनबरोबर आलेला जेलचा फँटम, म्हणजे चाचणीसाठीचा नकली नमुना, ठेवा. तो थंडगार खोलीतल्या कपाटातून थेट आणलेला नसावा, कारण तापमानाने जेलचा कडकपणा बदलतो. फँटममध्ये स्वच्छ, पुढे सरकणाऱ्या लाटा आल्या तर मशीन, नळी, ट्रिगर सगळं ठीक आहे आणि प्रश्न त्या पेशंटपुरता आहे. फँटममध्येही मुंग्या आल्या तर प्रश्न यंत्राचा आहे, आणि पुढच्या पेशंटची एमआरई थांबवा. आठवड्यातून एकदा फँटम घेऊन इमेज जपून ठेवली तर तुलनेला काहीतरी हाताशी असतं.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

पेशंटच्या बाबतीत: चकती एकदा सरकवून आणि सिक्वेन्स एकदा बदलून लाटा आल्या नाहीत तर थांबा. "तांत्रिक कारणाने मोजमाप होऊ शकलं नाही" असं कारणासकट लिहून रेडिओलॉजिस्टना सांगा. चांगल्या दिसणाऱ्या चार पिक्सेलवरून आकडा काढून देऊ नका. थरथरीने पेशंटला दुखत असेल, बरगडी मोडलेली असेल किंवा त्या बाजूचं ऑपरेशन ताजं असेल तर लगेच बंद करा आणि डॉक्टरांना विचारा.

यंत्राच्या बाबतीत: नळी, वीज, ट्रिगर बघून झाल्यावरही फँटम फेल जात असेल तर सर्व्हिस इंजिनिअर. अॅक्टिव्ह ड्रायव्हर उघडू नका. आणि तो मॅग्नेट रूममध्ये कधीही नेऊ नका, "जरा जवळ ठेवून बघू" म्हणूनसुद्धा नाही. त्याच्या आत जड चुंबक आहे, खोलीत शिरताच तो हातातून सुटून मॅग्नेटकडे झेपावेल आणि वाटेत माणूस असला तर जीव जाईल. नळी अडकली म्हणून वेव्हगाइडमध्ये तार किंवा सळई घालू नका. ग्रेडियंटची एरर येत असेल, किंवा दुसऱ्या सिक्वेन्समध्येही भुताटकीसारख्या छाया दिसत असतील, तर तो एमआरईचा प्रश्नच नाही, तसं सांगूनच कॉल नोंदवा.

कॉल करताना नुसतं "एमआरई येत नाही" म्हणू नका. फँटमची मॅग्निट्यूड आणि वेव्ह इमेज, ड्रायव्हरवरच्या एररचा फोटो, शेवटची चांगली तपासणी कुठल्या तारखेची होती, आणि त्यानंतर काय बदललं (अपग्रेड, सर्व्हिसिंग, वीज जाणं, नवीन नळी) एवढं पाठवा. इंजिनिअर येताना योग्य तो पार्ट घेऊन येतो.